आयर्लंड: मुलीला 'गेलिक की सॉकर, एक काय ते ठरवा' म्हणतात. यामागे नक्की काय आहे?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आम्ही किल्डेअर काउंटीत न्यूब्रिजला राहतो. मुलगी अकरा वर्षांची आहे. सात वर्षांची असल्यापासून ती इथल्या क्लबात गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा इथला खेळ) खेळते, आणि दोन वर्षांपासून आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तोही खेळते. घोटाळा नको म्हणून पुढे मी गेलिक आणि सॉकर असंच लिहिते.

मागच्या आठवड्यात गेलिकच्या प्रशिक्षकांनी सराव संपल्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "शनिवारी सकाळी ती आमची की त्यांची, हे एकदा घरी बसून ठरवा." माणूस अतिशय भला आहे. स्वतःचं काम सांभाळून आठवड्यातून तीन संध्याकाळी फुकट येऊन शिकवतो. पावसात भिजलेल्या पोरींना स्वतःच्या गाडीतून घरी सोडतो. पण हे बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. सॉकरच्या बाईंना मी हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय."

मला कोडं पडलंय ते असं. शाळेत काउंटीचा सामना असला की सगळी पोरं पांढरी जर्सी घालून जातात. तीच पोरं संध्याकाळी रस्त्यावर लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर युनायटेडच्या जर्सीत खेळतात. लेकीच्या शाळेतले एक सर काउंटीकडून खेळतात. रविवारी ते टीव्हीवर दिसतात आणि सोमवारी फळ्यासमोर उभे असतात. २०२५च्या नोव्हेंबरात बुडापेस्टला आयर्लंडच्या ट्रॉय पॅरटने सॉकरमध्ये हंगेरीविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी तिसरा गोल मारला, तेव्हा आमच्या गल्लीतले सगळे दारं उघडून बाहेर आले होते. ओरडणाऱ्यांत हे प्रशिक्षकही होते, मी डोळ्यांनी पाहिलं.

मग वैर नेमकं कोणाचं कोणाशी आहे? आणि आम्ही काय करावं? इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी कृपया सांगा. मुलीला दोन्ही खेळ मनापासून आवडतात. तिच्या खोलीत एका भिंतीवर किल्डेअरचा झेंडा आहे आणि दुसऱ्या भिंतीवर आयर्लंडची सॉकरपटू केटी मॅककेब.

---

लीकाठ

कॉर्कमधून लिहितेय. आमच्याकडे तर एकाच घरात एक भाऊ हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या गेलिक खेळाचा, आणि दुसरा सॉकरचा असतो. मँचेस्टर युनायटेडचा रॉय कीन इथलाच.

पण वैर नाहीच असं म्हणू नका. २०१८चं लियम मिलरचं प्रकरण मी जवळून पाहिलंय. मिलर कॉर्कचा मुलगा, सेल्टिक आणि मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला. त्या फेब्रुवारीत तो कर्करोगाने गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. त्याच्या कुटुंबासाठी सामना ठरला. इथलं सॉकरचं मैदान टर्नर्स क्रॉस. त्यात माणसं मावतात सात हजारांच्या आसपास, आणि तिकिटं हवी होती त्याच्या कितीतरी पट लोकांना. नदीकाठी जीएएचं, म्हणजे गेलिक खेळांच्या संघटनेचं, पार्क ई खीव हे मैदान नुकतंच नव्याने बांधून उभं होतं, सरकारी पैशाचा मोठा वाटा घालून. जीएएने आधी सांगितलं की आमच्या मैदानावर सॉकर नियमात बसत नाही.

शहर खवळलं. दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी लोक दुसरं काही बोलत नव्हते. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते: सगळ्यात जास्त चिडले होते ते जीएएचेच लोक. माझ्या शेजारची बाई कमोगी, म्हणजे मुलींचं हर्लिंग, शिकवते. ती म्हणाली, "त्यानेही लहानपणी आमच्यासारखीच इथल्या चिखलात पावलं उमटवलीत, त्याला दार बंद करणारे आपण कोण?" शेवटी जीएएने मैदान दिलं. २५ सप्टेंबरला ४५ हजार लोक आले. मीही गेले होते. स्टँडमध्ये लाल कॉर्क जर्सी, हिरवी आयर्लंड जर्सी आणि सेल्टिकचे पट्टे एकमेकांना खेटून बसले होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. नियम एक सांगतो आणि लोक दुसरं जगतात.

---

फिब्सबरोकर

पाऊलवाट, तुमच्या प्रशिक्षकांच्या आवाजात जे बदललं त्याबद्दल लिहितो. लांबेल, पण विषय तसाच आहे.

मी डब्लिनच्या उत्तर भागात फिब्सबरोला राहतो. घरातून निघालं की पाच मिनिटांत डॅलीमाउंट पार्क, म्हणजे बोहेमियन्सचं मैदान. दुसऱ्या दिशेने रॉयल कालव्याच्या काठाने चालत राहिलं की साधारण वीस-पंचवीस मिनिटांत क्रोक पार्क, म्हणजे जीएएचं मुख्य मैदान. एकात जेमतेम काही हजार मावतात, दुसऱ्यात ८२ हजार. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या खिडकीखालून लाल-काळे मफलर जातात आणि उन्हाळ्यातल्या रविवारी मेयोचे, केरीचे, डॉनेगॉलचे झेंडे. या दोन मैदानांच्या मधल्या रस्त्यावर या देशाचा शंभरेक वर्षांचा वाद चाललाय.

जीएए स्थापन झाली १ नोव्हेंबर १८८४ रोजी, टिपररीतल्या थर्लस गावी हेज हॉटेलात. पुढाकार मायकल क्युसॅकचा. हा क्युसॅक स्वतः रग्बी आणि क्रिकेट खेळलेला माणूस होता, हे आज बरेच जण विसरतात. त्याचं म्हणणं असं की आपल्याच देशात आपले खेळ मरायला टेकलेत आणि मैदानं, नियम, बक्षिसं सगळी इंग्रजी वळणाच्या मंडळींच्या हातात आहेत. सॉकर इथे रुजला तो बेलफास्टच्या कारखान्यांत, डब्लिनच्या वस्त्यांत आणि ब्रिटिश लष्कराच्या छावण्यांत. म्हणून त्याला 'छावणीचा खेळ' हे नाव चिकटलं. आता तुमचंच गाव पाहा. न्यूब्रिज वाढलं ते ब्रिटिश घोडदळाच्या बराकींभोवती, आणि कुराचची छावणी तुमच्या दारातच आहे. गॉल्वेच्या एखाद्या बेटावर हे नाव नुसतं ऐकीव असेल, तुमच्याकडे त्याला पत्ता आहे.

पुढे नियम झाला. जीएएच्या सभासदाने सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी खेळायचं नाही. खेळायचं तर नाहीच, पाहायलाही जायचं नाही. त्यासाठी दक्षता समित्या होत्या. त्यांची माणसं सॉकरच्या मैदानाबाहेर उभी राहून कोण आत जातंय ते टिपून ठेवायची. माझ्या शेजारी एक आजोबा राहतात, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांचा थोरला भाऊ साठच्या दशकात डॅलीमाउंटला सामना बघताना दिसला आणि क्लबाने त्याला निलंबित केलं. भाऊ चांगला खेळायचा. परत कधी त्या मैदानावर गेला नाही. आजोबा हे सांगतात तेव्हा क्लबाचं नाव घेत नाहीत, कारण त्यांची नातवंडं आज त्याच क्लबात खेळतात आणि शनिवारी सकाळी काठावर उभे राहून टाळ्या वाजवायला स्वतः आजोबाच जातात.

या नियमाने गाठलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे डग्लस हाइड. गेलिक लीग स्थापन करून आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेला, आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष आणि जीएएचा आश्रयदाता. १३ नोव्हेंबर १९३८ला आयर्लंड आणि पोलंडचा सॉकर सामना डॅलीमाउंटला झाला. आयर्लंडने तो ३-२ जिंकला. राष्ट्राध्यक्ष म्हणून हाइड तिथे हजर होते. जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. देशाच्या प्रमुखाने देशाचा संघ खेळताना पाहिला, हा गुन्हा! मी डॅलीमाउंटला बसतो तेव्हा ही गोष्ट मनात येतेच, आणि मला ती अजूनही लागते.

ही बंदी उठली १९७१मध्ये, बेलफास्टच्या अधिवेशनात. म्हणजे तुमच्या प्रशिक्षकांचे वडील कदाचित बंदीतच वाढले असतील.

आता दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय हे कळणार नाही. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपररीचा गेलिक सामना चालू असताना ब्रिटिश सुरक्षा दल आत घुसलं आणि गर्दीवर गोळीबार केला. १४ जीव गेले. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. तिथल्या होगन स्टँडला त्याचंच नाव आहे, आणि विजेता कर्णधार चषक उचलतो तो त्याच स्टँडमध्ये. ज्या मैदानाने हे पाहिलं त्या मैदानावर 'परके' खेळ नकोत, असं म्हणणाऱ्यांना मी कधीही खुळचट म्हणणार नाही. २००५मध्ये जीएएने आपल्या मैदानांवर असे खेळ नकोत हा नियम फक्त क्रोक पार्कपुरता सैल केला, २२७ विरुद्ध ९७ मतांनी. डब्लिनचं रग्बी-सॉकरचं मैदान लॅन्सडाउन रोड पाडून नवं बांधायचं होतं, तेवढ्या काळापुरतं मैदान द्यायचं ठरलं. २४ मार्च २००७ला तिथे पहिला सॉकर सामना झाला: वेल्सविरुद्ध १-०, गोल स्टीफन आयर्लंडचा. ७२ हजारांवर लोक होते. २००९मध्ये फ्रान्सच्या थिएरी आँरीने हाताने चेंडू अडवून आपल्या, म्हणजे आयर्लंडच्या, विश्वचषकाचा घास काढून घेतला ना, त्या लढतीचा घरचा सामनाही क्रोक पार्कवरच झाला होता.

जीएएवाल्यांच्या पोटात खरा गोळा आला तो १९९०मध्ये. १९८८ला युरो स्पर्धेत स्टुटगार्टमध्ये आयर्लंडच्या रे हाउटनने इंग्लंडविरुद्ध गोल केला, तेव्हाच ठिणगी पडली होती. मग इटलीतला विश्वचषक. जेनोआला रुमानियाच्या टिमॉफ्टेची पेनल्टी पॅकी बॉनरने अडवली, डेव्हिड ओ'लिअरीने पुढची आत घातली, आणि देश रस्त्यावर आला. संघाचा व्यवस्थापक जॅक चार्लटन होता इंग्रज, इंग्लंडकडून विश्वचषक जिंकलेला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. खेडोपाडी पोरं गोलच्या काठ्या रोवू लागली. गेलिकच्या उंच खांबांखाली सॉकर सुरू झाला. जुने लोक म्हणायला लागले, संपलं आपलं.

संपलं नाही, कारण पुढच्याच वर्षी डब्लिन आणि मीद या शेजारच्या काउंटी गेलिकमध्ये भिडल्या. १९९१, लिन्स्टर प्रांताच्या स्पर्धेची पहिलीच फेरी. सामना बरोबरीत. पुन्हा खेळवला, बरोबरी. तिसऱ्यांदाही बरोबरी. चौथ्या सामन्यात, ६ जुलैला, डब्लिन शेवटच्या मिनिटांपर्यंत तीन गुणांनी पुढे होतं (गेलिकमध्ये एका गोलचे तीन गुण). पेनल्टीही मिळाली होती, ती वाया गेली. मग मीदने मागून हातोहात चेंडू पुढे नेला आणि केव्हिन फॉली, जो बचावपटू होता आणि गोल करण्याशी ज्याचा फारसा संबंध नव्हता, तो नेमका गोलसमोर येऊन उभा राहिला. गोल. लगेच डेव्हिड बेगीचा एक गुण. मीद एका गुणाने जिंकलं. प्रत्येक सामन्याला पन्नास-साठ हजार लोक, तेही पहिल्या फेरीला! माझा एक सहकारी मीदचा आहे, त्याच्या गावात त्या गोलचा नुसता विषय काढला तरी लोक हातातलं काम ठेवतात.

म्हणून ताई, मला विचाराल तर आवडीचा झगडा केव्हाच मिटलाय. इथल्या माणसाला दोन्ही खेळ आवडतात. उरलाय तो पोरांचा हिशेब. जीएएचा क्लब म्हणजे पॅरिश, एका चर्चभोवतीचा गाव-परिसर. खेळाडू बाहेरून विकत आणता येत नाही, जो त्या गावात राहतो तोच खेळतो. मोठ्या पातळीवरही पगार नाही, तुमच्या शाळेतले सर त्याचंच उदाहरण. अकरा वर्षांच्या वयोगटात गावात समजा पंधरा-सोळा मुली आहेत. त्यांतल्या तीन शनिवारी सॉकरला गेल्या की संघच उभा राहत नाही. प्रशिक्षकांना तुमची एक मुलगी दिसत नसते. त्यांना अजून सात वर्षांनी मैदानात उतरणारा संघ दिसत असतो, आणि त्यात एक जागा रिकामी. आवाज बदलतो तो म्हणून.

---

काळं-पिवळं

किलकेनीकडून दोन ओळी. आमच्याकडे हा वाद फार नाही कारण इथे गेलिक फुटबॉललाही कोणी विचारत नाही. हर्लिंग, हर्लिंग आणि हर्लिंग. ३६ वेळा अखिल आयर्लंड विजेते, सगळ्यांत जास्त. पोरं दूध आणायला जातानाही हातात ॲशच्या लाकडाची हर्ली घेऊन चेंडू तिच्या पात्यावर उडवत जातात. इथला लीग ऑफ आयर्लंडचा सॉकर क्लब २००८ला बंद पडला. मला त्याचं वाईट वाटलं, कारण ज्या पोरांच्या मनगटात हर्लिंग नाही त्यांनी कुठे जायचं? फिब्सबरोकर, यावर जरा लिहा. तुम्ही जीएएची बाजू छान मांडलीत, पण सॉकरवाल्यांचं दुखणं राहिलं.

---

फॉयलकाठ

उत्तर आयर्लंडकडचं थोडं सांगते, मी डेरीला रुग्णालयात परिचारिका आहे. तुमच्याकडचा हिशेब इथे लागू पडत नाही. डेरी शहरातल्या कॅथलिक, राष्ट्रवादी वस्तीचा खेळ म्हणजे सॉकर. जीएए जोरात आहे ती काउंटीच्या ग्रामीण भागात. म्हणजे 'सॉकर ब्रिटिशांचा, गेलिक आयरिशांचा' हे समीकरण इथल्या बॉगसाइडच्या माणसाला सांगून पाहा! डेरी सिटीचं ब्रँडीवेल आणि जीएएचं सेल्टिक पार्क ही मैदानं एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत.

डेरी सिटी १९७२मध्ये उत्तरेच्या लीगमधून बाहेर पडली, कारण दंगलींच्या काळात ब्रँडीवेलला सामने होऊ देत नव्हते. तेरा वर्षं शहराला वरिष्ठ सॉकर नव्हता. १९८५ला सीमेपलीकडच्या लीग ऑफ आयर्लंडने घेतलं आणि १९८९ला तिन्ही स्पर्धा जिंकल्या. माझ्या वॉर्डमधले वयस्कर लोक त्या तेरा वर्षांबद्दल बोलतात तेव्हा अजून हळवे होतात.

एक फरक मात्र खरा आहे. जीएए आणि रग्बी पूर्ण बेटाचे आहेत. सॉकरचे १९२१पासून दोन तुकडे झाले, बेलफास्टची संघटना वेगळी आणि डब्लिनची वेगळी. जेम्स मॅक्लीन इथल्या क्रेगनचा. तरुणपणी उत्तर आयर्लंडकडून खेळला आणि मग प्रजासत्ताकाकडून. हा निर्णय इथल्या प्रत्येक हुशार पोराला घ्यावा लागतो आणि त्याची किंमत असते. आणि १८ जून १९९४ विसरू नका. अमेरिकेत आयर्लंडने इटलीला हरवलं, त्याच संध्याकाळी डाउन काउंटीत लॉखिनआयलंडच्या पबमध्ये सामना बघत बसलेल्या सहा जणांना ब्रिटननिष्ठ बंदूकधाऱ्यांनी ठार मारलं. इथे सॉकर पाहणं हीसुद्धा ओळख होती.

---

फिब्सबरोकर

फॉयलकाठ, धन्यवाद. हे दक्षिणेतल्या लोकांनीही वाचायला हवं.

काळं-पिवळं, तुमचं बरोबर आहे, आणि हेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. जीएए विरुद्ध सॉकर या भांडणात खरा चेपला गेलाय तो इथला स्वतःचा सॉकर. एका बाजूने पॅरिश ओढते, दुसऱ्या बाजूने इंग्लंड. शनिवारी दुपारी फिब्सबरोच्या पबमध्ये लिव्हरपूलचा सामना लागला की बसायला जागा नसते. हेच लोक विमानाने ओल्ड ट्रॅफर्डला जातात, बोटीने ग्लासगोला सेल्टिक बघायला जातात. पाच मिनिटांवरच्या डॅलीमाउंटला 'त्यात काय बघायचं' म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो. शेमस कोलमनचं बघा. डॉनेगॉलच्या किलीबेग्जचा, गेलिक खेळत वाढलेला. स्लायगो रोव्हर्सने त्याला घडवला आणि २००९मध्ये एव्हर्टनने तो ६० हजार पाउंडांत नेला. पुढे तो एव्हर्टनचाही कर्णधार झाला आणि आयर्लंडचाही. त्याला टीव्हीवर पाहणाऱ्यांतल्या किती जणांनी स्लायगोचं मैदान कधी पाहिलंय?

शॅमरॉक रोव्हर्स आमचे प्रतिस्पर्धी, डब्लिनमध्ये त्यांचं नाव आमच्या स्टँडमध्ये घेतलं की शिट्ट्या वाजतात. पण त्यांच्यावर जे गुदरलं ते कोणावर येऊ नये. १९८७ला मालकांनी मिलटाउनचं मैदान विकलं आणि मग २२ वर्षं तो क्लब बिऱ्हाड घेऊन फिरला. डब्लिनच्या टाला उपनगरात त्यांचं नवं स्टेडियम अर्धवट उभं असताना तिथल्या थॉमस डेव्हिस या जीएए क्लबाने न्यायालयात धाव घेतली. मैदान गेलिकच्या वरिष्ठ सामन्यांनाही पुरेल एवढं मोठं करा, ही मागणी. तसं केलं असतं तर प्रेक्षक कमी मावले असते. २००७च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने मागणी फेटाळली, आणि २००९ला रोव्हर्स घरी आले. मी बोहेमियन्सचा असूनही सांगतो, त्या निकालाचा मला आनंद झाला. जीएएकडे प्रत्येक पॅरिशमध्ये स्वतःची जमीन आहे, पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी काढून घेतलेली, आणि त्याबद्दल त्यांना मानच दिला पाहिजे. सॉकरचे कितीतरी क्लब मात्र अजून पालिकेच्या भाड्याच्या मैदानावर, कपडे बदलायला खोली नसलेल्या जागी खेळतात. ज्याच्याकडे जमीन आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याच्या अंगणावर दावा सांगू नये.

अलीकडे वारं बदलतंय. ब्रेक्झिटनंतर, २०२१पासून, आयरिश पोरांना अठरा पूर्ण झाल्याशिवाय इंग्लंडच्या क्लबात जाता येत नाही. आधी पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून जायचे आणि बहुतेक दोन-तीन वर्षांत मोडून परत यायचे. आता ती पोरं इथेच खेळतात. डॅलीमाउंटची तिकिटं संपायला लागलीत, स्टँडमध्ये शाळकरी मुली दिसायला लागल्यात.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. फिब्सबरोकर दादा, हाइड यांची गोष्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. न्यूब्रिजमधली एक गोष्ट आता मला वेगळी दिसायला लागली. २०१८ला मेयोविरुद्धचा सामना इथून हलवून क्रोक पार्कला न्यायचं ठरत होतं, कारण आमचं सेंट कॉन्लेथ्स पार्क लहान. किल्डेअरने सांगितलं, खेळू तर न्यूब्रिजलाच, नाहीतर कुठेच नाही. जीएएला नमतं घ्यावं लागलं आणि किल्डेअर जिंकलं. इथे आजही लोक अभिमानाने सांगतात. म्हणजे क्लबाला आपलं अंगण किती प्यारं असतं ते जीएएवाल्यांना नीट कळतं, मग सॉकरवाल्यांचं का कळू नये?

आता थेट विचारते. मुलीने एक सोडावं का?

---

फिब्सबरोकर

नाही. अकराव्या वर्षी अजिबात नाही.

तिला नीव्ह फेहीबद्दल सांगा. २००४मध्ये गॉल्वेकडून गेलिकचं अखिल आयर्लंड विजेतेपद, नंतर आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, आणि आयर्लंडकडून शंभरावर सामने. २०२३ला महिला संघ पहिल्यांदा विश्वचषकाला गेला तेव्हा ती त्यात होती. मुलांमध्ये केव्हिन मोरान: डब्लिनकडून १९७६ आणि १९७७चं विजेतेपद आणि मग थेट मँचेस्टर युनायटेड. शेन लाँग टिपररीकडून किशोर गटात हर्लिंग खेळला. उंच चेंडूसाठी झेपावणं, धक्का खाऊन पायांवर उभं राहणं हे गेलिकमधून येतं. पायाखालचा चेंडू ताब्यात ठेवणं सॉकरमधून. दोन्हीकडचे समजदार प्रशिक्षक हे जाणतात.

प्रशिक्षकांशी बोलताना एवढंच करा. 'ती तुमच्यापासून तुटणार नाही' हे आधी सांगा, वेळापत्रक नंतर काढा. दोघांचे नंबर घेऊन एकमेकांना द्या. शनिवारी सामने एकाच वेळी आले तर आठवड्याआड वाटून घ्या, आणि गेलिकचा चषकाचा सामना असेल तर तो आधी, कारण तिथे पर्यायी खेळाडू मिळत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी सराव वाढतो, गुडघे बोलायला लागतात, तेव्हा ती स्वतः ठरवेल.

---

लीकाठ

आणखी एक. मुलींचं गेलिक फुटबॉल ही आज तरी वेगळी संघटना आहे, १९७४मध्ये स्थापन झालेली, तीसुद्धा थर्लसच्या त्याच हेज हॉटेलात. कमोगीची आणखी वेगळी, १९०४ची. जीएए धरून तिन्ही एकत्र करायचं काम चालू आहे, २०२७चं उद्दिष्ट आहे. तोवर मैदानाच्या वेळा ठरवताना मुलींचे संघ सगळ्यांत शेवटी असतात. तुमची शनिवारची ओढाताण अर्धी यातूनच आलेली असेल. क्लबाच्या सभेत जाऊन विचारा, मुलींना शनिवारऐवजी शुक्रवार संध्याकाळ का देत नाही? आमच्याकडे तीन आयांनी मिळून विचारलं आणि मिळाली.

---

पाऊलवाट

विचारलं! दोघांना एकत्र चहाला बोलावलं होतं. ते एकाच शाळेत शिकलेले निघाले. शुक्रवारचं क्लब बघणार आहे, तोवर आठवड्याआड. सॉकरच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की चषकाच्या शनिवारी त्या तिला बोलावणार नाहीत.

आता मुलीला डॅलीमाउंटला यायचंय. तिकीट कसं काढायचं?

---

फिब्सबरोकर

क्लबाच्या संकेतस्थळावर. सामना सहसा शुक्रवारी पावणेआठला असतो. रोव्हर्सविरुद्धचा असेल तर विक्री सुरू होईल त्याच दिवशी काढा, नाहीतर मिळणार नाही. न्यूब्रिजहून डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनपर्यंत ट्रेन, तिथून ट्रॅम आणि थोडं चालणं. पाऊस असेल तर छताखालचीच जागा बघा.